वारसांच्या नावावर चढलेले खटले

आपल्याकडे माणूस गेला की दिवसकार्य आटोपल्यावर घरातले कोणीतरी तलाठ्याकडे जाते आणि वारसांची नोंद करून घेते. सातबाऱ्यावरचे एक नाव कमी होते आणि त्याच्या जागी चार नावे चढतात. जमीन, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचे थकलेले कर्ज असे सगळेच त्या चार नावांवर येते. माल्टा या देशात ऑक्टोबर २०१७ मध्ये डॅफ्नी कारुआना गलिझिया या पत्रकार बाईंची हत्या झाली आणि त्यांचे पती व तीन मुलगे यांच्या नावावर जे चढले, त्यात त्यांच्यावरचे अब्रुनुकसानीचे खटलेही होते. आई नुकतीच बाँबस्फोटात गेली आहे, दफनविधी झाला आहे, आणि तिने लिहिलेल्या मजकुराचा बचाव करण्यासाठी मुलांनी तारखेला कोर्टात हजर राहायचे आहे. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा समजण्यात काही चूक होत आहे असे वाटून मी भाचीला ती दोनदा विचारली होती.

माझी भाची परिचारिका आहे आणि काही वर्षे ती माल्टात नोकरीला होती. २०१९ च्या मार्च महिन्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. मी आयुष्यातली पस्तीस वर्षे तालुक्याच्या गावातल्या एका साप्ताहिकात काढली. बातम्या आणल्या, प्रुफे तपासली, वर्गणी गोळा केली आणि अंकांचे गठ्ठे एसटीच्या टपावरही चढवले. त्यामुळे कुठल्याही गावी गेलो की देवळाआधी माझी नजर वर्तमानपत्राच्या स्टॉलकडे जाते. माल्टातही तसेच झाले, आणि देश पाहायला गेलेला मी बहुतेक वेळ त्या देशाची वर्तमानपत्रे, वृत्तवाहिन्या आणि त्यांचे कायदे समजून घेण्यात गुंतलो.

देश लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख १९ हजार. त्यांची भाषा अरबीच्या कुळातली असली तरी ती रोमन लिपीत लिहितात, आणि बातम्यांना ते लोक ‘अहबारियेत’ म्हणतात. घरमालकीणबाईंच्या दूरचित्रवाणीवर तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला आणि मी चमकलो. आपली ‘खबर’ आणि उत्तरेकडचा ‘अखबार’ ज्या मुळातून आले, त्याच मुळाचा हा शब्द भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर रोज संध्याकाळी उच्चारला जात होता.

दोन्हीकडच्या वृत्तपत्रांचा आरंभही फार लांबचा नाही. ब्रिटिश अमलाखालच्या माल्टात पूर्वपरवानगीशिवाय छापण्याची मोकळीक १८३९ मध्ये मिळाली. हिंदुस्थानात हंगामी गव्हर्नर-जनरल मेटकाफने छापखान्यांवरचे निर्बंध १८३५ मध्ये उठवले होते, आणि त्याआधी तीन वर्षे, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघाले होते. माल्टाची पत्रकारिताही आजतागायत दोन भाषांत चालते. ‘टाइम्स ऑफ माल्टा’ हे १९३५ पासूनचे दैनिक इंग्रजी आहे, तर ‘लोरित्सोन्त’ आणि ‘इन्-नात्सयोन’ ही दैनिके माल्टी भाषेत निघतात. यांतले पहिले सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचे, तर दुसरे नॅशनॅलिस्ट पक्षाचे; तो आणि लेबर हे तिथले दोन मोठे पक्ष. माल्टात वर्तमानपत्र हातात घेतले की मालक कोण हे आधी पाहावे लागते, आणि तिथल्या माणसाला ते पाहावेही लागत नाही, कारण त्याला ते लहानपणापासून ठाऊक असते.

भाची ज्या घरात भाड्याने राहत होती, त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि शेजारच्या घरात त्यांचे सख्खे भाऊ राहत. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत होती. संध्याकाळी बाईंच्या घरी ‘वन’ ही वाहिनी लागे, तिची मालकी लेबर पक्षाची. भावाच्या घरी ‘नेट’ लागे, ती नॅशनॅलिस्ट पक्षाची. खिडक्या उघड्या असल्या की जिन्यात उभे राहून दोन्हीकडचे निवेदक एकाच वेळी ऐकू येत. भाचीने मला मधूनमधून अर्थ सांगितला. त्या संध्याकाळी एका घरात देशात नवे रुग्णालय, नवे रस्ते आणि भरभराट होती, तर दुसऱ्या घरात त्याच देशात भ्रष्टाचार, वाहतूककोंडी आणि परदेशात झालेली बदनामी होती. बहीण-भाऊ रविवारी एकत्र जेवत आणि बातम्यांच्या वेळी आपापल्या घरी जात. ज्या देशात २०१७ च्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तिथे हे नवल नाही असे भाची म्हणाली. मला मात्र ते आजही नवलाचे वाटते.

राजकीय पक्षांच्या मालकीच्या वाहिन्या युरोपात इतरत्र सहसा दिसत नाहीत. त्या माल्टात कशा आल्या हे समजून घेताना माझा राग थोडा निवळला, कारण त्यामागचा इतिहास वेदनेचा आहे. १९७० च्या दशकात प्रसारण सरकारच्या ताब्यात गेले आणि सरकारी वृत्तप्रसारण सत्ताधाऱ्यांचे झाले. १९८१ च्या निवडणुकीत नॅशनॅलिस्ट पक्षाला निम्म्याहून अधिक मते मिळाली, तरीही जागा लेबरला जास्त मिळाल्या आणि सत्ता लेबरकडेच राहिली. त्यानंतरच्या काळात विरोधी पक्षनेते एडी फेनेक आदामी यांचे नावही सरकारी बातम्यांत घेतले जात नसे. लोकसंख्येतला निम्मा हिस्सा ज्याच्या मागे उभा आहे, त्या माणसाचे नाव उच्चारायचे नाही, असा तो नियम होता. नॅशनॅलिस्ट पक्षाने इटलीतल्या सिसिलीहून, समुद्रापलीकडून, प्रसारण करून पाहिले. पुढे तो सत्तेवर आला आणि १९९१ च्या प्रसारण कायद्याने सरकारी मक्तेदारी मोडली, तेव्हा परवाने मिळवण्यात दोन्ही पक्ष पुढे होते. ज्यांचा आवाज दाबला गेला होता त्यांनी स्वतःचा भोंगा विकत घेतला, हे मी समजू शकतो. पण त्या दोन भोंग्यांच्या मधल्या जागेत जे लोक राहतात, त्यांच्यासाठी कोण बोलणार, हा प्रश्न त्या कायद्याने सोडवला नाही.

उलट त्या कायद्यात एक कलम असे आले, जे मला या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत घातक कलम वाटते. माल्टाच्या राज्यघटनेचे ११९ वे कलम प्रसारण प्राधिकरणावर जबाबदारी टाकते, की राजकीय किंवा धोरणविषयक वादांत निःपक्षपात राखला जाईल हे त्याने शक्यतोवर पाहावे. हे प्राधिकरण १९६१ पासून आहे. त्याच्या सदस्यांची नेमणूक राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्याने आणि विरोधी पक्षनेत्याशी विचारविनिमय करून करतात, म्हणजे प्रत्यक्षात त्या मंडळातही दोन्ही पक्षच समोरासमोर बसलेले असतात. आणि १९९१ च्या कायद्याने या प्राधिकरणाला अशी मुभा दिली, की खासगी केंद्रांच्या बाबतीत प्रत्येक केंद्राचा निःपक्षपात वेगळा न तपासता सगळ्या केंद्रांचे एकूण प्रसारण एकत्र विचारात घ्यावे. याचा साधा अर्थ असा, की एका वाहिनीने एका बाजूने एकतर्फी सांगितले आणि दुसरीने दुसऱ्या बाजूने तितकेच एकतर्फी सांगितले, तर तोल साधला गेला असे मानता येते. २०२१ मध्ये ‘लव्हिन माल्टा’ या वृत्तसंकेतस्थळाने या मुभेला न्यायालयात आव्हान दिले. मला त्या जिन्यातली संध्याकाळ आठवते. दोन्ही निवेदकांचे आवाज एकाच वेळी ऐकणारा त्या इमारतीत मी एकटाच होतो, आणि मला त्यांची भाषा येत नव्हती.

अशा देशात डॅफ्नी कारुआना गलिझिया कोणाच्याही नव्हत्या, निदान लिहिताना त्या कोणाची परवानगी घेत नसत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या ‘संडे टाइम्स ऑफ माल्टा’त स्वतःच्या नावाने स्तंभ लिहू लागल्या; तोपर्यंत तिथे राजकीय स्तंभ बाईने लिहावा आणि खाली खरे नाव छापावे, या दोन्ही गोष्टी नवीन होत्या. पुढे त्या ‘माल्टा इंडिपेंडंट’साठी लिहीत राहिल्या आणि २००८ पासून ‘रनिंग कॉमेंटरी’ या नावाने स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, चालवू लागल्या. एका स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चालणारे ते लिखाण देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांपेक्षा अधिक वाचले जाई. २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांचे गुप्त व्यवहार उघड करणारी पनामा कागदपत्रे जगापुढे येण्याच्या आधीच, एका मंत्र्याने आणि पंतप्रधानांच्या कार्यालयप्रमुखाने पनामात कंपन्या घेतल्याचे त्यांनी लिहायला सुरुवात केली होती.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्यांचे सगळे लिखाण मला आवडत नाही. माणसांच्या दिसण्याविषयी, कपड्यांविषयी, खासगी आयुष्याविषयी त्यांनी लिहिलेली काही वाक्ये वाचून मी संपादकाच्या सवयीने मनातल्या मनात त्यांवर काट मारली. त्यांचा एक मोठा आरोप, एग्रांत नावाची पनामातली कंपनी पंतप्रधान जोसेफ मस्कत यांच्या पत्नीची असल्याचा, २०१८ च्या न्यायदंडाधिकारी चौकशीत पुराव्याने सिद्ध झाला नाही. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ‘१७ ब्लॅक’ या नावाची एक कंपनी वाचकांपुढे ठेवली, आणि ती कोणाची हे त्या हयात असताना उघड झाले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉयटर्स आणि ‘टाइम्स ऑफ माल्टा’ यांनी ती उद्योगपती योर्गन फेनेक यांची असल्याचे दाखवले. एकटी बाई, हाताशी ना वकिलांची फौज ना दुसरा बातमीदार, इतक्या अवघड गोष्टी खणत असेल, तर तिचा एखादा घाव चुकीच्या जागी पडणे शक्य आहे. त्याला उत्तर म्हणून खुलासा छापायला सांगता येतो, पुरावा मागता येतो, साधा एक दिवाणी दावाही लावता येतो. पण त्यांच्या बाबतीत जे केले गेले ते उत्तर नव्हते.

एका हॉटेल व्यावसायिकाने त्यांच्या एकाच लेखावरून एकोणीस वेगवेगळे दावे दाखल केले. लेख एक, पण त्यातली वाक्ये सुटी करून प्रत्येकाचा स्वतंत्र खटला. एकोणीस दावे म्हणजे एकोणीस वेळा उत्तर दाखल करणे, एकोणीस वेळा शुल्क भरणे, एकोणीस फायली. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका मंत्र्याने आणि त्याच्या सहायकाने दावा लावताना निकालाआधीच त्यांची बँक खाती गोठवून घेतली. रक्कम सुमारे ४७ हजार युरो होती, आणि लोकांनी वर्गणी काढून त्याहून अधिक रक्कम थोड्याच दिवसांत जमा केली. मृत्यूच्या वेळी त्यांच्यावर चाळीसहून अधिक दिवाणी दावे आणि पाच फौजदारी खटले चालू होते. फौजदारी खटला माणसाबरोबर संपतो. दिवाणी दावे वारसांकडे गेले.

हे वाचताना मला आमचे तात्या आठवत होते. तात्या आमच्या साप्ताहिकाचे संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक. १९९८ मध्ये आम्ही एक बातमी छापली, की तालुक्यातल्या एका वाडीच्या रस्त्याचे बिल निघाले पण रस्ता झालाच नाही. बातमी माझी होती. मी त्या वाडीपर्यंत पायी गेलो होतो, कारण सायकल नेता येईल असा रस्ताच तिथे नव्हता. पंधरा दिवसांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस आली, दहा लाखांच्या नुकसानभरपाईची, आणि पाठोपाठ फौजदारी तक्रारही दाखल झाली. दहा लाख हा आकडा वाचून तात्या हसले नाहीत की घाबरले नाहीत; त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अंकाचे काम पुढे चालू ठेवले. नंतरची सहा वर्षे ते तारखेला जात राहिले. सकाळी सहाची एसटी, पिशवीत भाकरी, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि संध्याकाळी परत आल्यावर एकच वाक्य, “पुढची तारीख पडली.” कधी समोरचा वकील आलेला नसे, कधी साक्षीदार, कधी न्यायाधीशांची बदली झालेली असे. बातमी खोटी आहे असे त्या सहा वर्षांत कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही, कारण प्रकरण पुराव्यापर्यंत पोचलेच नाही. शेवटी तात्यांना मधुमेहाचा त्रास वाढला, मुलीचे लग्न ठरले, आणि त्यांनी तडजोड केली. पहिल्या पानावर तळाशी दोन कॉलमांची चौकट करून दिलगिरी छापायची होती. तो मजकूर मीच श्रीलिपीत टाइप केला आणि मीच पेजमेकरवर बसवला. त्या दिवशीही वाडीला रस्ता नव्हता.

त्यानंतर आमच्या कार्यालयात एक सवय लागली, जिच्याविषयी कोणी कधी बोलले नाही. बातमीत नाव आले की पेन आपोआप थांबे आणि नावाच्या जागी ‘एका ठेकेदाराने’, ‘संबंधित खात्यातील एका अधिकाऱ्याने’ असे शब्द येत. आम्हाला कोणी तसे करायला सांगितले नव्हते. दाव्याचा खरा निकाल तो होता, आणि तो कोणत्याही निकालपत्रात लिहिलेला नाही. म्हणून, जेव्हा कोणी मला म्हणते की अमुक पत्रकार शेवटी खटला जिंकला ना, तेव्हा मी त्यांना विचारतो की मधल्या वर्षांत त्याने काय काय लिहिले नाही. ते मोजायला कुठलेच साधन नाही.

१६ ऑक्टोबर २०१७ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी डॅफ्नींनी आपला शेवटचा मजकूर प्रसिद्ध केला. त्याची शेवटची वाक्ये अशी होती, की आता जिकडे पाहावे तिकडे लबाड माणसे आहेत आणि परिस्थिती हताश करणारी आहे. त्यानंतर थोड्याच वेळात त्या बँकेच्या कामासाठी घराबाहेर पडल्या. खात्यांचा तोच गोठवणुकीचा गुंता अजून सुटला नव्हता. बिद्निया या खेड्यातल्या घरापासून उतारावर त्यांच्या भाड्याच्या गाडीत बाँब फुटला. त्यांचा मोठा मुलगा मॅथ्यू आवाज ऐकून अनवाणी धावत आला. त्या ५३ वर्षांच्या होत्या.

भाचीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बसने बिद्नियाला गेलो. आजूबाजूला दगडी बांधांची लहान लहान शेते आहेत, आपल्याकडे कोकणात गडगा घालतात तसे कोरड्या दगडांचे बांध, आणि एका शेतात, जिथे गाडी फेकली गेली होती तिथे, फलक आणि फुले ठेवलेली होती. रस्ता इतका अरुंद होता की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा आम्हाला बांधाला टेकून उभे राहावे लागले. ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे पाहिले, फुलांकडे पाहिले, आणि काही न बोलता तो पुढे गेला. त्याच्या घरी संध्याकाळी कोणती वाहिनी लागत असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मला त्याची लाज वाटली. तीन आठवड्यांतच मीही माणसांना त्या देशाच्या नजरेने वाटून पाहू लागलो होतो.

हत्येनंतर कायदा बदलला. तो आधीपासूनच बदलायचा चालला होता, आणि फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या मसुद्यात तर बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांनी सरकारकडे नोंदणी करावी असेही कलम होते. लोकांनी ओरड केल्यावर ते काढले गेले. २०१८ चा माध्यम आणि बदनामी कायदा १९७४ च्या जुन्या वृत्तपत्र कायद्याच्या जागी आला. त्याने फौजदारी बदनामी रद्द केली. निकालाआधी खाती गोठवण्याची वाट बंद केली. एकाच मजकुरावरून अनेक दावे लावता येणार नाहीत असे ठरवले. बदनामीने गंभीर हानी झाली असली पाहिजे, अशी अट घातली, आणि मानसिक नुकसानभरपाईला ११,६४० युरोंची मर्यादा ठेवली. यातली बहुतेक कलमे वाचताना त्यांच्यामागे एकाच बाईची केस-फाइल दिसते. एकोणीस दाव्यांचे उत्तर इथे आहे, गोठवलेल्या खात्यांचे उत्तर तिथे आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फौजदारी बदनामी घटनात्मक ठरवली आणि नव्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद कायम राहिली, म्हणून माल्टाचा हा कायदा मला मनापासून मोठा वाटतो. पण तो कायदा होत असताना जुने दावे वारसांवर चालूच होते. खुद्द पंतप्रधानांनी आपला दावा मागे घेतला नाही. कुटुंबाने एग्रांत चौकशीचा निष्कर्ष मान्य करावा, मग दावा सोडू, अशी त्यांची अट होती. मेलेल्या आईच्या शब्दांवर मुलांनी पाणी सोडावे, अशी ती अट होती, आणि मुलांनी ती मानली नाही.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये योर्गन फेनेक यांना त्यांच्या नौकेवर अटक झाली. हत्येत सहभागी असल्याचा आरोप त्यांनी नाकारला आहे. त्याच महिन्याअखेर पंतप्रधान कार्यालयातल्या पत्रकार परिषदेनंतर मध्यरात्री उलटून गेल्यावर पत्रकारांना काही अनोळखी माणसांनी खोलीत अडवून ठेवले. जानेवारी २०२० मध्ये मस्कत पायउतार झाले. बाँब लावणाऱ्या तिघांपैकी एकाला १५ वर्षांची आणि दोघा भावांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या सार्वजनिक चौकशीने निष्कर्ष काढला, की राज्याने या हत्येची जबाबदारी स्वीकारली पाहिजे, कारण सत्तेच्या शिखरावरूनच असे वातावरण तयार झाले होते की काहीही केले तरी शिक्षा होत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये पत्रकारांना छळण्यासाठी लावलेल्या निराधार दाव्यांविरुद्ध निर्देश काढला, त्याला युरोपभर डॅफ्नीचा कायदा म्हणतात. तो देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रकरणांपुरता आहे. एका गावातल्या माणसाने त्याच गावातल्या बातमीदारावर दावा लावला, तर त्याचा उपयोग नाही.

आणि दाव्यांचे रूपही बदलत जाते. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या ‘द शिफ्ट’ या छोट्या वृत्तसंकेतस्थळाने माहितीच्या अधिकारात सरकारी खात्यांना विचारले, की एका माध्यम-मालकाला तुम्ही किती पैसे दिले. माहिती आयुक्तांनी सांगितले, माहिती द्या. त्यावर चाळीस सरकारी खाती आणि संस्थांनी त्या आदेशाविरुद्ध स्वतंत्र अपिले केली. बदनामीचा दावा नाही, नुकसानभरपाईची मागणी नाही, तरीही चाळीस फायली, आणि पलीकडच्या वकिलाचे शुल्क करदात्यांच्या खिशातून. हा प्रश्न विचारण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. छोट्या देशात जाहिरातीची बाजारपेठ छोटी असते आणि सरकार हाच सर्वांत मोठा जाहिरातदार असतो. शासनाच्या जाहिरातयादीवर नाव राहावे म्हणून आमच्यासारखी साप्ताहिके किती जपून अंक काढत, हे मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ पासून बहुतांशी लागू झालेल्या युरोपीय माध्यम स्वातंत्र्य कायद्यात सरकारी जाहिरातींचा पैसा कोणाला गेला हे जाहीर करण्याचे बंधन आहे, ते कलम मी दोनदा वाचले.

व्हॅलेटा या राजधानीत प्रजासत्ताक मार्गावर न्यायालयाची खांबांची इमारत आहे आणि तिच्यासमोर ऑटोमन तुर्कांनी घातलेल्या १५६५ च्या वेढ्याचे स्मारक आहे, ब्राँझच्या तीन आकृतींचे. हत्येनंतर लोकांनी त्या स्मारकाच्या पायथ्याशी डॅफ्नींचा फोटो, फुले आणि मेणबत्त्या ठेवायला सुरुवात केली. मी तिथे होतो तेव्हा रोज एक गोष्ट घडत होती. संध्याकाळी लोक फुले ठेवत आणि रात्रीतून ती सरकारी सफाई कर्मचाऱ्यांकडून उचलली जात. सकाळी नऊच्या सुमारास मी तिथे गेलो तर पायथा धुतल्यासारखा स्वच्छ होता, आणि एक साठीच्या बाई पिशवीतून नवीन फोटो काढून तो दगडाला टेकवत होत्या. फोटो वाऱ्याने पडू नये म्हणून त्यांनी त्याच्या खाली एक गोटा ठेवला, मेणबत्त्यांच्या काचा ओळीत लावल्या, हात रुमालाला पुसले आणि त्या कामावर जायला निघाल्या. त्या रोज येतात का, असे भाचीने विचारले. आम्ही वार वाटून घेतले आहेत, असे त्यांनी सांगितले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने ठरवले, की ही फुले हटवून सरकारने नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग केला. त्या बाईंचा वार त्या दिवशी होता का, हे मला जाणून घ्यायला आवडले असते.

तात्या आता नाहीत. साप्ताहिक त्यांचा मुलगा चालवतो, आणि मी घरून प्रुफे पाहून देतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. पाणीयोजनेची बातमी होती, मोजमाप-पुस्तिकेच्या प्रती हाती आल्या होत्या, आणि चौकट तयार होती.

“काका, नाव घालू का, ‘एका ठेकेदाराने’ असंच ठेवू?”

मी विचारले, “कागद स्वतः पाहिलेस का? ठेकेदाराची बाजू घेतलीस?”

“पाहिले. त्यांना दोनदा फोन केला, तेही लिहिलंय.”

“वकिलांना एकदा वाचून दाखव. मग पूर्ण नाव घाल, आडनावासकट.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते विचारले.